फुकट पुस्तके आणि मोकळी पुस्तके

(न्यासाच्या महोत्सवानिमित्त जामसांवली येथे भरलेल्या सभेतील भाषणाचा मजकूर)



न्यासाच्या चिटणीसांनी आम्हांस बोलावणे धाडले तेव्हा सोबत एक ताकीदही दिली होती. "मास्तर, पुस्तकांविषयी बोला, पण लोकांच्या कामाचे बोला." ती ताकीद आम्ही शिरसावंद्य मानली आहे. तेव्हा शिक्षणाचे महत्त्व वगैरे विषय बाजूस ठेवून आरंभ एका कबुलीने करतो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही पालकांकडून वर्गणी गोळा केली आणि एका विक्रेत्याकडून "डिजिटल वर्ग" विकत घेतला. चकचकीत डबी, तिच्यात एक पेन ड्राइव्ह, आणि तो उघडण्यास परवलीचा शब्द. किंमत साडेचार हजार रुपये. शाळेत आणून पाहतो तो आत बालभारतीची आणि एनसीईआरटीची पुस्तके, जशीच्या तशी! ही पुस्तके त्या त्या संस्थांनी स्वतःच्या संकेतस्थळांवर ठेवलेली आहेत आणि ती उतरवून घेण्यास कोणासही एक पैसा पडत नाही. प्रशिक्षित पदवीधर म्हणवणारे आम्ही, पण ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. वर्गणी देणाऱ्यांत संत्र्याच्या बागेत रोजाने जाणाऱ्या बायाही होत्या. त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा नाद घेतला.

आता हा विषय आपल्याच भागात एवढ्या निकडीचा का, ते सांगणे अवश्य आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले. सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हाही झाला. रेषा नकाशावर पडली, पण चुलीजवळची भाषा काही बदलली नाही. आमच्या स्वतःच्या घरी आजीची बोली उर्दूच्या वळणाची, गल्लीतली मराठी आणि शाळेतली हिंदी. आमच्या वर्गातील बहुतेक लेकरांची गत थोड्याफार फरकाने अशीच आहे. घरी मराठी, पुस्तकात हिंदी.

याने काय बिघडते, असे कोणी विचारील. एक उदाहरण सांगतो. गणिताच्या तासाला आम्ही फळ्यावर "भिन्न" असे लिहिले. हिंदीत याचा अर्थ अपूर्णांक. मागच्या बाकावरील एका मुलीने बराच वेळ विचार करून विचारले, "सर, कशापासून भिन्न?" वर्ग हसला, आम्ही मात्र हसलो नाही. पोरीचे बरोबरच होते. घरच्या भाषेत भिन्न म्हणजे वेगळे. तसेच "समकोण" म्हणजे काटकोन हे कोणीतरी सांगितल्याशिवाय कळावयाचे कसे? घरी सुताराचा गुण्या आहे, बाप त्याला काटकोन म्हणतो, आणि मुलगा त्याच वस्तूचे नाव परक्यासारखे पाठ करतो. अशी मुले ढ ठरतात आणि आठवीनंतर शाळा सोडून दुकानात बसतात. आम्ही त्यांची नावे घेत नाही. आपल्यापैकी अनेकांना ती ठाऊक आहेत.

यावर उपाय सीमेच्या पलीकडेच तयार होता. महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात स्थापन झाली. तिची पुस्तके "ई-बालभारती" या संकेतस्थळावरून इयत्तावार उतरवून घेता येतात, मराठीतील, उर्दूतील, हिंदीतीलही. त्यांत "सुलभभारती" या नावाची मराठीची एक माला आहे. जी मुले दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत शिकतात, त्यांच्यासाठी ती मुद्दाम रचलेली आहे. ज्यांनी ती रचली त्यांच्या डोळ्यांपुढे जामसांवली खचित नसेल. पण आमच्या वर्गास ती अगदी अंगाबरोबर बसली. आता गणिताच्या तासाला एनसीईआरटीचे हिंदी पान आणि बालभारतीचे मराठी पान आम्ही शेजारीशेजारी ठेवतो. परीक्षा हिंदीतच द्यावयाची आहे, हे आम्ही विसरत नाही. पण समजणे आधी आणि परीक्षा मागून, एवढाच क्रम आम्ही सुलटा केला.

या कामात आम्ही चुकाही पुष्कळ केल्या. सर्वांत मोठी चूक आवृत्तीची. एनसीईआरटीने २०२४ साली सहावीचे गणिताचे पुस्तक बदलून "गणित प्रकाश" आणले. जुन्या पुस्तकाची फाईल मात्र हातोहात फिरतच असते. आम्ही कोणाच्या तरी मोबाइलवरून आलेली फाईल छापून आणली आणि नवे म्हणून जुनेच प्रकरण वाटून बसलो. तेव्हा पालकांस एवढेच सांगणे, की फाईल ज्याने पुस्तक केले त्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावी आणि उघडताच प्रथम आवृत्तीचे साल पाहावे. मंडईत भाजी घेतानाही आपण देठ पाहतोच.

दुसरी अडचण जाळ्याची, म्हणजे नेटवर्कची. पाठ्यपुस्तकांत हल्ली ठिपक्यांचा चौकोनी ठसा असतो. तो मोबाइलला दाखविला की "दीक्षा" या सरकारी व्यवस्थेवरील पाठ, चित्रफिती, प्रश्न उघडतात. ही व्यवस्था २०१७ साली सुरू झाली. काम उत्तम, पण पाठ ऐन रंगात यावा आणि चक्र फिरत राहावे, हा अनुभव आपणा सर्वांस आहे. म्हणून जे लागेल ते आदल्या दिवशी उतरवून ठेवणे, हाच आमचा नियम. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा घरात मोबाइल एक, मुले तीन, आणि मोबाइल घेऊन बाप कामावर, असा प्रकार आम्ही दारोदार पाहिला. त्यामुळे पडद्यावरील पुस्तकावर आमचा विश्वास मर्यादित आहे. आमच्या मते फाईल हे बियाणे. लेकराच्या हातात कागदच पडला पाहिजे. मंगळवारी आणि शनिवारी मारुतीरायाच्या दर्शनाला गर्दी उसळते, त्या दिवशी आमची कित्येक मुले आईबापांच्या नारळ-प्रसादाच्या दुकानावर बसतात. त्यांच्याकरिता आम्ही पाठाची दोन पाने छापून आदल्या दिवशी दप्तरात घालून देतो. गिऱ्हाईक नसेल तेव्हा ती वाचली जातात. पानांवर कुंकवाची बोटे उमटून येतात. त्याबद्दल आम्ही कोणास रागे भरत नाही.

येथे कोणी कायद्याचा प्रश्न काढील आणि तो काढलाच पाहिजे. बालभारतीचे किंवा एनसीईआरटीचे पुस्तक फुकट मिळते, याचा अर्थ ते आपले झाले असा नव्हे. त्यांचे प्रताधिकार त्या संस्थांनी राखून ठेवले आहेत. गावच्या विहिरीवर पाणी पिण्याची मुभा सर्वांस असते, पण तेथून आपल्या संत्र्याच्या बागेत पाट काढता येत नाही, तसेच हे. वाचावे, उतरवावे, शिकवावे. परंतु आपल्या नावाने छापून विकू नये. आमच्या त्या पेन ड्राइव्हवाल्याने नेमका पाट काढला होता! वर्गात शिकविण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने नक्कल काढली तर मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील बावन्नावे कलम त्यास संरक्षण देते. दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्सच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली याच कलमाचा अर्थ उदारपणे लावला. तेव्हा दप्तरातील ती दोन पाने निर्भयपणे द्यावीत.

फुकट पुस्तकांहून निराळी अशी दुसरी जात आहे. तिला आम्ही मोकळी पुस्तके म्हणतो. सन २००२ मध्ये युनेस्कोच्या एका सभेत "मुक्त शैक्षणिक साधने" ही संज्ञा रूढ झाली. अशा पुस्तकाचा कर्ता आपण होऊन लिहून देतो, की माझे नाव राखा आणि मग हे छापा, बदला, भाषांतर करा. "क्रिएटिव्ह कॉमन्स" नावाचे यासाठीचे तयार परवाने आहेत. पुस्तकाच्या आतील पानावर त्यांची खूण छापलेली असते. ती खूण शोधण्याची सवय शिक्षकाने लावून घ्यावी. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली "स्टोरीवीव्हर" हे गोष्टींचे भांडार उघडले. त्यातील चित्रमय गोष्टी अशाच परवान्याने दिलेल्या आहेत. मराठीतही पुष्कळ आहेत, आणि वाचनाच्या पायऱ्या लावून ठेवलेल्या आहेत.

आम्ही तेथून हिंदीतील एक गोष्ट घेतली आणि सहावीच्या वर्गास म्हटले, हिला आपल्या मराठीत आणा. आठ दिवस वर्गात नुसती भांडणे! "लड़के" या शब्दास "मुले" म्हणावे की "पोट्टे", यावर दोन तट पडले. एक मुलगा म्हणाला, "सर, मुले पुस्तकात असतात, पोट्टे गावात असतात." शेवटी ठरले, की आजी बोलते तेथे पोट्टे आणि गोष्ट सांगणारा बोलतो तेथे मुले. मोठमोठे संपादक याहून निराळा निवाडा देते असे आम्हांस वाटत नाही. जी मुलगी "भिन्न"पाशी अडली होती तिने या गोष्टीची स्वच्छ प्रत लिहिली. पहिल्या पानावर मूळ लेखकाचे आणि चित्रकाराचे नाव, त्याखाली परवान्याची खूण आणि त्याखाली भाषांतरकार म्हणून एकतीस नावे आली. बालभारतीच्या पुस्तकास आम्हांस असा हात लावता आला नसता. फुकट आणि मोकळे यांतला फरक मुलांस येथे आपोआप कळला.

जुन्या ग्रंथांचीही गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती न्यासाच्या उपयोगाची आहे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. साने गुरुजी १९५० साली गेले. म्हणजे त्यांचे मूळ लेखन २०११ पासून मोकळे आहे. "श्यामची आई" न्यासाने स्वतः छापून मुलांस वाटावयाचे ठरविले तर कोणाची परवानगी नको. मात्र एखाद्या नव्या आवृत्तीतील चित्रे अथवा प्रस्तावना दुसऱ्या कोणाची असेल तर ती उचलू नये. मराठी विश्वकोशही जालावर विनामूल्य वाचावयास मिळतो. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला होता आणि आमच्या लहानपणी असा ग्रंथ पाहावयास नागपूर गाठावे लागे.

आता मागणे. न्यासाकडून दरवर्षी गरजू मुलांस वह्या-पुस्तके मिळतात, त्याबद्दल शाळा ऋणी आहे. पण यंदा पुस्तकांच्या रकमेतून थोडा भाग काढून एक साधा छपाईयंत्र, म्हणजे प्रिंटर, वाचनालयाच्या खोलीत बसवावा. शाई भरता येईल असा पाहावा. काडतूस बदलावे लागणारा स्वस्त दिसतो आणि महिन्याभरात रडवतो. कागदाची रिमे पालक देतील, तसे आम्ही त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे. फाईली निवडणे, साल तपासणे, परवाना पाहणे, हे काम आम्ही आणि आमचे दोन सहकारी शिक्षक रविवारी करू. त्याचा मोबदला नको. आणि कोणी "डिजिटल वर्ग" विकावयास न्यासाच्या दारी आला तर पैसे देण्यापूर्वी त्याची डबी आम्हांस एकदा दाखवावी, एवढी विनंती.

मुलांनी केलेल्या गोष्टीच्या पुस्तकाच्या चार प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. चहाच्या वेळी अवश्य चाळाव्यात. सहाव्या पानावर शुद्धलेखनाची एक चूक राहिली आहे. ती आमच्या ध्यानात आली होती; परंतु भाषांतरकार मंडळींनी बैठक घेतल्याशिवाय दुरुस्ती होणार नाही असे आम्हांस बजावले आहे, आणि ती बैठक सोमवारी आहे.