मागणीपत्रावर बाईची सही
(वसंत व्याख्यानमाला, काटोल येथे दिलेले व्याख्यान)



कर्मचारी संघटनेची महिला समिती म्हटलं की बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात: आठ मार्चचा सत्कार आणि हिवाळी अधिवेशनावर निघालेल्या मोर्चाची पहिली रांग. दोन्ही असू द्यावं. पण समितीचं खरं काम त्याच्या अलीकडचं आहे. एकट्या बाईची तक्रार संघटनेच्या मागणीपत्रात कशी पोचते, हे तिनं पाहायचं असतं.

त्याची सुरुवात सभेच्या वेळेपासून होते. नागपूर इथून साठेक किलोमीटर. तहसील, पंचायत समिती, दवाखाना, शाळा इथे नोकरी करणाऱ्या कितीतरी जणी रोज रेल्वेनं नाहीतर एसटीनं ये-जा करतात. संघटनेची सभा मात्र ऑफिस सुटल्यावर, संध्याकाळी. गाडी चुकली की घरी पोचायला रात्र होते, म्हणून त्या निघून जातात आणि आपण म्हणतो, बायकांना संघटनेत रस नाही. ही सभा जेवणाच्या सुट्टीत घेऊन पाहा. डबे उघडले की बोलणंही सुरू होतं. संडासाला कडी नाही, नळाला पाणी नाही. बाळंतपणाच्या रजेवरून आले तर टेबल बदललेलं. निवडणुकीच्या ड्यूटीत मतदानाच्या आदल्या रात्री अनोळखी गावात, शाळेच्या खोलीत मुक्काम. साहेबांचा रात्री उशिरा येणारा फोन. हे सगळं सांगून झालं की शेवटी एक वाक्य येतं: ‘चालायचंच.’ समितीनं वही उघडायची ती या वाक्याला.

लिहिणं म्हणजे नेमकं काय, ते जरा सविस्तर सांगते, कारण इथेच बहुतेक प्रकरणं निसटतात. तारीख, जागा, काय घडलं, कोण हजर होतं, एवढं साध्या मराठीत. ‘मानसिक त्रास दिला’ असं मोघम लिहू नये. जे शब्द वापरले गेले ते जसेच्या तसे लिहावेत. कडीचा, पाण्याचा, रजेचा अर्ज आवक शाखेत द्यायचा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊनच उठायचं. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं म्हणायला वेळ लागत नाही. लैंगिक छळाचा अर्ज मात्र आवक शाखेतून फिरवायचा नाही. तो कार्यालयाच्या अंतर्गत समितीकडे द्यायचा आणि तिथेच पोच घ्यायची, कारण अशा प्रकरणात गुप्तता पाळणं लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानंच बंधनकारक केलं आहे. तक्रारीला मुदत तीन महिन्यांची. सबळ कारण असेल तर समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. ती कार्यालयानं नेमलेली असते. संघटनेची महिला समिती वेगळी, ती आपली. चौकशी करणं तिचं काम नाही. तक्रार करणारीला एकटं पडू न देणं हे तिचं काम आहे.

या कायद्याचं मूळ कुठे आहे ते आठवा. भंवरीदेवी राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातल्या ‘साथिन’ होत्या. सरकारनं सांगितलेलंच काम, बालविवाह रोखण्याचं, त्यांनी केलं आणि 1992 साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर महिला संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि 1997 साली विशाखा निकाल आला. सरकारी कामाला गावोगाव फिरणाऱ्या, मानधनावरच्या एका बाईमुळे देशातल्या प्रत्येक कार्यालयाला नियम मिळाला.

आपल्या भागालाही ही परंपरा नवी नाही. नागपूरच्या गिरणीत राबणाऱ्या राधाबाई कांबळे यांनी 1929 साली नेमलेल्या कामगारविषयक रॉयल कमिशनपुढे कामगारांच्या वतीनं साक्ष दिली. मध्य प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा 1930 साली झाला. काटोल तेव्हा त्याच प्रांतात होतं. पुढे 1979 साली कामगार नेत्या विमल रणदिवे यांनी कामगार स्त्रियांची अखिल भारतीय समन्वय समिती उभारण्यात पुढाकार घेतला. स्त्रियांचे प्रश्न संघटनेच्या मुख्य मागण्यांत यावेत आणि स्त्रिया नेतृत्वात याव्यात, हा त्यांचा आग्रह होता. तो आजही तितकाच लागू आहे.

कारण मागणी पुढे रेटायला आपलं माणूस टेबलाशी लागतं. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना 2008 मध्ये 730 दिवसांची बालसंगोपन रजा मिळाली. महाराष्ट्रात ती 2018 मध्ये आली, आणि 180 दिवसांची. या दहा वर्षांत कितीजणींची मुलं रजेविना मोठी झाली! मला विचाराल तर वाटाघाटीच्या शिष्टमंडळात निम्म्या स्त्रिया असत्या तर हा विषय यादीच्या शेवटी राहिला नसता.

आता ज्या बाईला आपण सभासदच मानत नाही तिच्याविषयी. अंगणवाडी सेविकेला पगार नाही, मानधन. मार्च 2018 मध्ये मात्र त्यांच्या संपाला आळा घालण्यासाठी राज्यानं मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवा कायदा, लावला. विधिमंडळात गदारोळ झाल्यावर त्याला स्थगिती द्यावी लागली. ज्यांची सेवा अत्यावश्यक म्हणायची त्यांना कर्मचारी म्हणायचं नाही, हा अन्याय आहे. 2022 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका-मदतनीसांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. त्याआधी 2000 साली याच न्यायालयानं दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या मजूर स्त्रियांना प्रसूती लाभ दिला होता. न्यायालयानं दार उघडलं, तरी आपल्या संघटनांची दारं अजून पुरती उघडलेली नाहीत. आशा, सेविका, कंत्राटी परिचारिका यांचा मोर्चा वेगळा आणि कायम कर्मचाऱ्यांचा वेगळा. गावात लसीकरणाच्या दिवशी मात्र या सगळ्या एकाच खोलीत काम करतात.

म्हणून इथे बसलेल्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढची सभा जेवणाच्या सुट्टीत ठेवा. तिला तालुक्यातल्या सेविकांना आणि आशांना बोलवा. आणि साहेबांना निवेदन द्यायला जाल तेव्हा त्या खोलीत आधी महिला समितीच्या प्रतिनिधीला बोलू द्या.