पाळीवरचं गाव

(नाकाडोंगरी येथील हिवाळी व्याख्यानमालेत केलेलं भाषण)



धानाची चुरणी अजून सगळ्यांची आटोपलेली नाही. तरी दिवसभराचं काम उरकून, शाली-घोंगड्या गुंडाळून तुम्ही आलात, याचं मला मोल आहे. मला विषय दिलाय, ‘शेजार आणि निसर्ग’. नागपूर-पुण्यात या विषयावर बोलायचं तर गच्चीवरची बाग, ओल्या कचऱ्याचं खत, सोसायटीतलं पावसाचं पाणी असं बोलावं लागतं. ती कामं चांगलीच आहेत, करणाऱ्यांना माझा नमस्कार आहे. पण इथं, तुमसर तालुक्यात, एका बाजूला मॅंगनीजच्या खाणी, दुसऱ्या बाजूला बावनथडी आणि पलीकडे मध्य प्रदेश, अशा गावात उभं राहून मी बोडीबद्दल, गावच्या लहान तलावाबद्दल, बोललो नाही, तर माझं बोलणं फुकट जाईल.

आपल्या भंडाऱ्याची ओळखच तलावांचा जिल्हा अशी. गोंड राजांच्या काळात, जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन, अशी रीत होती असं सांगतात. बांधणारे मुख्यतः कोहळी समाजाचे. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावानं ओळखला जातो. दोन टेकड्यांमधला नाला कुठं अडवायचा, बांधाची पाळ किती रुंद ठेवायची, हे ते जमिनीचा उतार डोळ्यांनी जोखून ठरवत. आणि त्यांची खरी करामत मला सांडव्यात दिसते. वरच्या तलावाचं जास्तीचं पाणी सांडव्यावरून उतरायचं ते खालच्या बोडीत, तिथून धानाच्या बांध्यांत, बांध्यांतून पुढच्या तलावात. म्हणजे वरच्या गावानं पाळीकडे दुर्लक्ष केलं, की खालच्या गावाची रोवणी अडायची. ज्यांची कधी सोयरीक झाली नाही, ती गावंही या पाण्यानं एकमेकांशी बांधलेली होती. शेजार याहून मोठा काय असतो?

तो काळ सोन्याचा होता, असं मी म्हणणार नाही. गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारापुढं कुणाचं चालत नसे. पाळीवर माती टाकणारे कितीतरी हात बिनमोबदला राबले. ती व्यवस्था गेली हे चांगलंच झालं. 1950 साली तेव्हाच्या मध्य प्रदेशात कायदा झाला, आपला जिल्हा त्या वेळी त्याच राज्यात होता. 1951 मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. निस्ताराचे, म्हणजे गावकऱ्यांच्या रोजच्या वापराचे, हक्क कागदावर राहिले. पण मालगुजाराच्या जागी गाव यायला हवं होतं, ते आलं नाही. तलाव खात्याच्या नोंदवहीत गेला आणि उन्हाळ्यात पाळीवर जमणारी माणसं घरी बसली.

त्यानंतर काय झालं, ते तुमच्या डोळ्यांसमोर आहे. शेतकऱ्याला पाणी हवं असतं दसऱ्याच्या सुमारास. पाऊस उघडलेला असतो, धान निसवत असतं, आणि तेव्हा एक पाणी चुकलं तर दाणा पोचट राहतो. तो म्हणतो, तलाव सोडा. मासेमारी करणारा ढीवर म्हणतो, सोडा, पण उन्हाळ्यापुरतं राखा, नाहीतर मासोळी मरेल आणि माझं वर्ष बुडेल. दोघांचंही खरं आहे. ही गोष्ट ठरायची जागा पाळ होती. तिथं भांडण व्हायचं, आवाज चढायचे, आणि सांजेपर्यंत काहीतरी ठरायचं. आता शेतकरी एका कार्यालयात अर्ज देतो, मच्छीमार संस्था दुसऱ्या कार्यालयात ठेक्याची रक्कम भरते, आणि एकाच पाण्यावर जगणारी ही दोन माणसं वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. माझ्या मते आपल्या बोड्या गाळानं भरण्याआधी या अबोल्यानं भरल्या.

हे बदलता येतं, आणि ते आपल्याच लोकांनी करून दाखवलंय. गोंदिया जिल्हा 1999 साली आपल्यातून वेगळा झाला, त्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातली ही गोष्ट. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी तिथल्या ढीवर मंडळींबरोबर तलाव जिवंत करण्याचं काम केलं. सुरुवात मशीननं झाली नाही. म्हाताऱ्या ढीवरांना विचारलं गेलं, की तुमच्या लहानपणी या तलावात काय काय उगवायचं? मग यादी निघाली. कोणती वनस्पती पाण्याखाली राहते, कोणती पानं तरंगत ठेवते, कोणती काठाच्या ओलीत वाढते, कोणत्या मुळांशी कोणता मासा अंडी घालतो. ज्यांना शाळेत कुणी दोन वर्षंही टिकू दिलं नाही, त्यांच्याकडे हे ज्ञान होतं.

पुढचं काम उन्हाळ्यातलं. पाणी ओसरलं की पात्रात माजलेली बेशरम मुळासकट उपटायची, कारण तुटका दांडा ओलीत पडला तरी फुटतो. मग पात्राचा काही भाग नांगरायचा. आणि पावसानं पाणी आलं, की ज्या तलावात जुन्या पाणवनस्पती शिल्लक आहेत तिथून त्या आणून इथं लावायच्या. कशा लावायच्या? बायांनी तो प्रश्नच विचारला नाही. त्यांनी लुगड्याचा काष्टा आवळला, गुडघाभर चिखलात ओळीनं उभ्या राहिल्या, आणि धानाची पऱ्हे रोवावीत तशी एकेक जुडी अंगठ्यानं दाबत मागं सरकत गेल्या. तलावाची रोवणी! आपल्या बायांच्या हातात जन्मभर असलेलं हे कौशल्य तलावालाही लागतं, हे आधी कुणाला सुचलं नव्हतं.

वनस्पती परतल्या तसे मासे परतले. बाहेरून बोटुकली आणून सोडलेल्या रोहू-कतल्याच्या जोडीला मरळीसारखे इथले मासे जाळ्यात येऊ लागले. पाखरं आली. सारस आज महाराष्ट्रात जवळजवळ गोंदिया-भंडारा या पट्ट्यातच उरलाय. तो अशाच तलावाच्या उथळ काठावर कंद उकरतो आणि धानाच्या बांधीत घरटं करतो. गोंदियाची ‘सेवा’ संस्था शेतकऱ्यांना सोबत घेऊन त्याची गणना करते. ज्याच्या बांधीत घरटं, तोच त्याचा राखणदार.

जंगलाचंही थोडं बोलतो, कारण नाकाडोंगरीत बसून ते टाळता येणार नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तो मिळायच्या कितीतरी आधीपासून तिथं ग्रामसभेचे निर्णय सर्वांच्या संमतीनं होत आले होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावानं तर बांबूचा हक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात. तेंदूचा पैसा रोख असतो, उन्हाळ्यातल्या लग्नसराईला येतो. तो सोडायला किती धीर लागला असेल, हे तुम्हाला मी सांगायला नको.

या दोन्ही गावांत पैसा नंतर आला. एकत्र बसणं आधी झालं. तलावालाही हेच लागू आहे. शासनानं 2017 साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली, मशीन मिळू शकतं, गाळ शेतात नेता येतो. जरूर न्या. पण मशीन उथळ काठही खरवडून टाकतं, आणि तोच काठ देवधानाचा, शेवाळाचा, माशांच्या अंड्यांचा असतो. मशीनवाल्याला ‘इथं थांब’ म्हणणारं माणूस पाळीवर हवं, आणि ते गावाचंच असायला हवं.

म्हणून मी आज तुमच्याकडे एक मागणी घेऊन आलोय. होळी झाल्यावर आणि तेंदूचा हंगाम लागायच्या आधी एक दिवस ठरवा. तुमच्या वस्तीला जी बोडी जवळ आहे, तिच्या पाळीवर घरटी एक माणूस या. शेतकरी या, ढीवर या, खाणीत पाळी करणारे सुटीचा दिवस काढून या, आणि बायांना निरोप पोचवायला विसरू नका. सोबत कुदळ, घमेलं आणा. सगळ्यात म्हाताऱ्या ढीवराला पुढं चालू द्या, आणि शाळेतल्या एखाद्या पोरीच्या हातात वही द्या. तो बोट दाखवील ते तिनं लिहावं. दुपारी भाकर तिथंच सोडा, आणि पुढच्या दसऱ्याला पाणी किती सोडायचं, किती राखायचं, ते उठण्याआधी ठरवा. दिवस ठरला की मला कळवा. माझं घमेलं घेऊन मी येतो.