अशोकाची साल मागवली, आलं भलतंच

माझ्या एका हातात दोन प्रकारची पानं आहेत आणि दुसऱ्या हातात एक रिकामं पाकीट. पाकिटापासून सुरुवात करते.

मी मूळची साताऱ्याची, गेली तीस वर्षं बडोद्यात. धाकटी बहीण इंदूरला. दोन वर्षांपूर्वी तिला पाळीत फार रक्तस्राव व्हायला लागला. डॉक्टरकडे जायला ती टाळाटाळ करत होती. आमची आजी अशा तक्रारीवर अशोकाची साल दुधात उकळून द्यायची. मी म्हटलं, थांब, मी मागवते. मोबाइलवर शोधलं. पाव किलो, एकशे ऐंशी रुपये, साडेचार तारे, वर उंच सरळसोट झाडाचा फोटो. माझ्या शाळेच्या फाटकाशी अगदी तशीच झाडं होती आणि आम्ही त्यांना अशोकच म्हणायचो. लगेच पत्ता टाकला इंदूरचा.

तीन महिने तिने ती साल घेतली. दिवाळीला बडोद्याला आली, तर चेहरा कागदासारखा पांढरा. दोन जिने चढताना तीनदा थांबली. उरलेली साल सोबत आणली होती. ते पाकीट मी शेजारच्या वैद्यकाकांना दाखवलं. त्यांनी आधी फोटो पाहिला आणि म्हणाले, "बेन, हा तर आसोपालव! तुमच्या दाराला तोरण बांधलंय ना, तोच."

गुजरातेत लहान पोरालाही हे माहीत. आपल्याकडे मात्र त्या उंच झाडाला सर्रास अशोक म्हणतात. औषधातला तो सीताअशोक, म्हणजे सराका असोका. ही पानं बघा. आसोपालवाचं पान एकेकटं, लांब, कडेला लाटा. सीताअशोकाच्या एका देठावर पानांच्या जोड्या असतात, कोवळी असताना तांबूस आणि लोंबती. फुलं नारिंगी-लाल, घोसांनी येतात. आसोपालवाची फुलं हिरवट, चटकन दिसतसुद्धा नाहीत. सालीचा तुकडा घेतला तर सीताअशोकाची साल बाहेरून खडबडीत, बारीक पुळ्या आल्यासारखी, आतून लालसर तपकिरी, चव तुरट. आमच्या तुकड्यांत यातलं काही नव्हतं. भुकटी असती तर काकांनाही नुसतं बघून सांगता आलं नसतं, म्हणून भुकटी घेऊच नका.

ही भेसळ जुनीच आहे. सीताअशोक धोक्यात आलेल्या झाडांच्या जागतिक यादीत आहे. खोडाभोवतीची साल सगळीकडून सोलली की झाड मरतं. मग एवढी साल एवढ्या स्वस्तात कुठून येणार, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

विक्रेत्याला मी विचारलं, झाडाचं शास्त्रीय नाव काय, माल कुठला? उत्तर आलं, "शंभर टक्के नैसर्गिक, मॅडम." पुन्हा विचारलं, तर फुलाचं चित्र. परत घ्यायला नकार, कारण पाकीट फोडलेलं. चार दिवसांनी दुकानच गायब, आणि तोच फोटो दुसऱ्या नावाच्या दुकानात! मग मी थेट त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे गेले. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांना 48 तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात तक्रार सोडवावी लागते. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबरही फिरवला. स्क्रीनशॉट, पाकिटाचे फोटो, बिल, सगळं जपलं होतं. पैसे मिळाले. पाकिटावर परवाना क्रमांक नव्हता, बॅच नव्हती, हे मात्र मी तक्रार लिहायला बसले तेव्हाच पाहिलं.

आता खरं सांगते. विक्रेता लबाड होता की माझ्यासारखाच नावाला फसलेला, मला आजही ठरवता येत नाही. आणि साल अस्सल असती, तरी तपासणी आधी व्हायला हवी होती. वैद्यकाकांनीही सालीबद्दल पुढे बोलायच्या आधी तिला डॉक्टरकडे पाठवलं. हिमोग्लोबिन सात. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ. रक्त चढवावं लागलं, मग ऑपरेशन. ते तीन महिने माझ्या "थांब, मी मागवते"मध्ये गेले.

ती आता बरी आहे. परवा फोनवर म्हणाली, "ताई, गुडघ्यासाठी काहीतरी ऑनलाइन दिसतंय, मागवू का?" मी विचारलं, डॉक्टरांना दाखवलास का गुडघा? तर हसत सुटली. पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आहे, मी स्वतः जाते आहे इंदूरला.