ओंजळभर पाण्याचा अर्थ

(वर्षावास व्याख्यानमालेतील भाषण)



'सामाजिक क्रिया' हा विषय समाजशास्त्राच्या पुस्तकातला असला तरी आपल्या चळवळीला तो अगदी जवळचा आहे, म्हणून आम्ही तो निवडला.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर (१८६४-१९२०) यांच्या मते माणसाची प्रत्येक हालचाल ही सामाजिक क्रिया नव्हे. करणाऱ्याने तिला अर्थ दिला असेल आणि इतरांची दखल घेऊन ती केली असेल, तरच ती सामाजिक क्रिया. दोन सायकलस्वारांची टक्कर हा नुसता अपघात. पण ती चुकवण्याची धडपड किंवा नंतरची बाचाबाची ही सामाजिक क्रिया. वेबर यांनी तिचे चार प्रकार मानले : हिशेबाने केलेली, मूल्यासाठी केलेली, भावनेपोटी केलेली आणि परंपरेने केलेली. बँकेत अंगठा उठवला काय किंवा सही केली काय, पैसे तेवढेच मिळतात. तरीही उतारवयात सही शिकलेली माउली अंगठा द्यायला तयार नसते. तिच्या सहीला हिशेबापलीकडचा अर्थ आहे.

आता महाड पाहू. १९२३ साली मुंबई विधिमंडळाने रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर केला आणि पुढे महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. हक्क कागदावर आला, परंतु तळ्याकडे पाऊल वळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथील पाणी ओंजळीने प्राशन केले आणि त्यांच्यामागून हजारो लोकांनी केले. ते तहानेसाठी नव्हते. आपणही माणसे आहोत, हा त्या कृतीचा अर्थ होता. ही मूल्यासाठी केलेली क्रिया होय.

विरोधकांनीही आपल्या परीने अर्थ लावला. सत्याग्रही वीरेश्वर मंदिरात शिरणार, अशी आवई उठली आणि हल्ला झाला. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम थॉमस यांनी पुढे १९२८ साली मांडले की, माणसे एखादी परिस्थिती खरी मानतात तेव्हा तिचे परिणाम खरे होतात. महाडची आवई खोटी होती, फुटलेली डोकी मात्र खरी होती. नंतर तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. खटला चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

बंधुभगिनींनो, यातून आम्हाला आजची एक चिंता मांडायची आहे. निव्वळ सवयीने घडणारे वर्तन अर्थपूर्ण क्रियेच्या सीमारेषेवर असते, असे वेबर बजावतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्या वडीलधाऱ्यांनी धम्म समजून-उमजून स्वीकारला. आपली मुले मात्र जन्मानेच बौद्ध आहेत. त्रिसरण-पंचशील त्यांना तोंडपाठ आहे. अर्थ विचारला तर ती गप्प बसतात. सवय वाईट नव्हे. परमुलखात एकट्या पडलेल्या माणसाला तीच धरून ठेवते. पण ज्या रूढीतून आपण बाहेर पडलो, तिचेही बळ सवयीतच होते, हे विसरून कसे चालेल?

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, दर रविवारी विहारात वंदनेनंतर एका शीलाचा अर्थ मराठीतून सांगावा आणि मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. उत्तर देताना आपल्यालाही विचार करावा लागेल. महाडची ती ओंजळ आपण पुढच्या पिढीच्या हाती दिली पाहिजे, पण अर्थासह.

जय भीम! जय भारत!