माल हात बदलतो तेव्हा : गोदामासाठी मोबाइल ॲपची निवड

गोदामाचे मोबाइल ॲप हे मुळात नोंदीचे साधन आहे. माल एका हातातून दुसऱ्या हातात गेला, तो कोणता होता, किती होता, कोणत्या अवस्थेत होता आणि कोणाच्या साक्षीने गेला, एवढे जागच्या जागी आणि त्याच घटकेला टिपून ठेवणे हे त्याचे काम. बाकीची सगळी सजावट, म्हणजे रंगीत आलेख, नकाशे, मालकाच्या फोनवर येणारे संदेश, या एका नोंदीवर उभी असते. नोंद कच्ची असेल तर वरचे सारे कच्चे. म्हणून ॲपची निवड कार्यालयातल्या पडद्यावरून सुरू न करता मालाच्या दारातून सुरू करावी लागते.

नवी मुंबईतल्या बोनकोडे आणि कोपरखैरणे परिसरात हे दार शोधायला लांब जावे लागत नाही. गावठाणाभोवतीच्या कोपरखैरणे नोडमध्ये माथाडी कामगारांची घरे आहेत. रेल्वेमार्गापलीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यातली औद्योगिक वसाहत आहे, तिथे कारखान्यांइतकीच गोदामे आणि शीतगृहे आहेत. दक्षिणेला तुर्भे-वाशीचा कृषी उत्पन्न बाजार समितीचे आवार आहे. कांदा-बटाटा, मसाला, धान्य, फळे आणि भाजीपाला असे पाच बाजार मुंबईच्या दाटीतून उठून टप्प्याटप्प्याने इथे आले. १९८९ मध्ये न्हावा शेवाचे बंदर सुरू झाले आणि कंटेनरची वर्दळ याच रस्त्यांवर आली. दोन-चार मैलांच्या टापूत मालाच्या हाताळणीचे इतके निरनिराळे प्रकार एकत्र सापडतात, की एकाच ॲपने सगळ्यांचे भागणार नाही हे इथे सहज दिसते.

निवडीचा पहिला प्रश्न ॲपचा नाहीच. माल किती वेळ थांबतो, हा पहिला प्रश्न. फळबाजारात पहाटे उतरलेली आंब्याची पेटी बहुधा त्याच दिवशी विकली जाते. तिला रॅकमधली ठरावीक जागा देऊन, ती जागा स्कॅन करून, पुन्हा शोधून काढण्यात वेळच जाईल. अशा गाळ्याला गाडी क्रमांक, शेतकऱ्याचे नाव, पेट्यांची संख्या, प्रत आणि खरेदीदार एवढ्या बाबी झटपट नोंदवणारे साधे आवक-जावक ॲप पुरते. औषधांच्या गोदामात माल आठवडे, महिने थांबतो, आणि तिथे आधी मुदत संपणारा माल आधी बाहेर काढावा लागतो. म्हणून बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख ही प्रत्येक नोंदीची अंगे होतात. ठरवून दिलेल्या ३०० औषध-ब्रँडच्या वेष्टनावर १ ऑगस्ट २०२३ पासून बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाला आहे. त्या व्यवसायातले ॲप हा कोड वाचत नसेल तर त्याचा विचारच करू नये. सुट्या भागांच्या गोदामात अडचण आणखी वेगळी असते. हजारो नग एकमेकांसारखे दिसतात, म्हणून जागेचा क्रमांक, म्हणजे कोणती रांग, कोणता कप्पा, कोणता खण, यावरच सारी मदार असते. थांबण्याचा वेळ ठरला की ॲपची जात ठरते, आणि विक्रेत्यांच्या यादीतली निम्मी नावे आपोआप गळतात.

दुसरा विषय ओळखीचा. पोत्यावरचा मार्का पाहून माल ओळखण्याची बाजारातली रीत जुनी आणि उपयोगी आहे, पण मार्का मालकाचा असतो, त्या एका पोत्याचा नसतो. बारकोडने ही उणीव भरून काढली. दुकानातल्या वस्तूवरचा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानमधल्या डेन्सो वेव्ह कंपनीत तयार झाला, तोही मोटारींच्या सुट्या भागांचा मागोवा ठेवण्याच्या गरजेतून. भारतातल्या संस्थेकडून दिलेले वस्तू-क्रमांक ८९० ने सुरू होतात. १३ आकड्यांच्या त्या क्रमांकातला शेवटचा आकडा तपासणीचा असतो. बाकीच्या आकड्यांना उजवीकडून आलटून-पालटून ३ आणि १ ने गुणायचे, गुणाकारांची बेरीज करायची, आणि ती पुढच्या दहाच्या पटीला जेवढी कमी पडते तो शेवटचा आकडा. एखादाच आकडा चुकला तर ही युक्ती चूक हमखास पकडते. मात्र शेजारचे दोन आकडे उलटे पडले आणि त्यांच्यात ५ चा फरक असला, जसे २७ ऐवजी ७२, तर चूक निसटते. बोटांनी टाइप करताना नेमक्या अशाच चुका होतात. म्हणून हाताने क्रमांक टाकण्याची सोय ॲपमध्ये असावी, पण ती अपवादासाठी, आणि कोणती नोंद स्कॅनने झाली व कोणती हाताने, हे ॲपने कायम वेगळे दाखवावे. ही गोष्ट बारीक वाटते. महिनाअखेरच्या मोजणीत तफावत निघाली की शोध मात्र इथूनच सुरू होतो.

लेबल कशावर छापले आहे याकडे खरेदीच्या वेळी फारसे कोणी पाहत नाही. उष्णतेने काळे होणारे स्वस्त लेबल उन्हात आणि गरम गाळ्यात फिके पडते. टिकायचे असेल तर रिबनवरून उमटवलेले लेबल हवे. नवी मुंबईच्या पावसात ओल्या खोक्यावरून कागदी लेबल सुटते, ते वेगळेच. न वाचता येणाऱ्या लेबलापुढे उत्तम ॲपही हतबल असते.

हातातले यंत्र साध्या फोनचे असावे की खास स्कॅनरचे, हा प्रश्न पैशांचा म्हणून मांडला जातो, पण तो सेकंदांचाही आहे. फोनचा कॅमेरा कोड शोधतो, फोकस करतो, मग वाचतो. खास स्कॅनर बटण दाबताच वाचतो. एका पाळीत ६०० खोकी जात असतील आणि दर खोक्यामागे ४ सेकंद जास्त लागत असतील, तर पाळीची ४० मिनिटे त्यातच जातात. दिवसाला ३०-४० नोंदी असणाऱ्या गाळ्याला फोन पुरेसा आहे, तिथे महागडे यंत्र घेणे उधळपट्टी ठरेल. शीतगृहात गणित पुन्हा बदलते. उणे १८ अंशांत बॅटरी लवकर उतरते, जाड हातमोज्यांतून पडदा बोट ओळखत नाही, आणि यंत्र बाहेर आणताच दमट हवेतले पाणी काचेवर साचून कोड वाचणे थांबते. अशा जागी प्रत्यक्ष बटणांचे, थंडीसाठी बनवलेले यंत्रच लागते. ॲपही मोठी बटणे, थोडे पर्याय आणि मोठा आवाज असलेले हवे. बरोबर स्कॅनचा आणि चुकीच्या स्कॅनचा आवाज वेगळा असावा, म्हणजे हमालाला दर वेळी पडद्याकडे पाहावे लागत नाही.

नेटवर्क नसताना ॲप काय करते, यावर सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा. लोखंडी रॅक आणि शीतगृहाच्या पत्र्याच्या जाड भिंती लहरी अडवतात. पत्र्याच्या शेडमध्ये मागच्या कोपऱ्यात फोनच्या रेघा गायब होतात. इंटरनेट नसले की थांबणारे ॲप गोदामात निरुपयोगी असते, कारण गाडी थांबत नाही. चांगले ॲप प्रत्येक नोंद आधी यंत्रातच साठवते, तिला एकमेव क्रमांक देते, आणि संपर्क आला की पाठवते. तीच नोंद दोनदा गेली तरी सर्व्हर त्या क्रमांकावरून ओळखतो आणि एकदाच धरतो. हे नसेल तर ५० पोत्यांची १०० होतात. त्याहून अवघड प्रसंग असा: दोन माणसे दोन कोपऱ्यांत, दोघांचेही नेटवर्क गेलेले, आणि दोघांच्याही यादीत तेच शेवटचे खोके. अशा वेळी ॲपने नंतर आलेली नोंद गुपचूप खोडणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. दोन्ही नोंदी ठेवून पर्यवेक्षकाकडे निकाल मागणे योग्य. यंत्रावरचे घड्याळ चुकलेले असू शकते, म्हणून नोंदीची वेळ आणि सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ या दोन्ही जपलेल्या असाव्यात. परीक्षा सोपी आहे. यंत्राचे नेटवर्क बंद करावे, ५० खोकी स्कॅन करावीत, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे, मग नेटवर्क द्यावे. ५० पैकी ५० नोंदी, प्रत्येकी एकदाच, दिसल्या पाहिजेत. ही परीक्षा टाळणाऱ्या विक्रेत्याला नम्रपणे निरोप द्यावा.

माल दाराबाहेर पडला की कायद्याची कागदपत्रे सुरू होतात. वस्तू आणि सेवा कर १ जुलै २०१७ ला आला आणि आंतरराज्य वाहतुकीसाठी ई-वे बिल १ एप्रिल २०१८ पासून लागू झाले. मालाच्या किमतीची मर्यादा ५०,००० रुपयांची, महाराष्ट्राच्या आतल्या वाहतुकीसाठी ती पुढे १ लाख झाली. बिलाचे दोन भाग असतात: पहिल्यात मालाचा तपशील, दुसऱ्यात गाडीचा. वाटेत गाडी बदलली तर दुसरा भाग बदलावा लागतो. २०२१ पासून साधारण मालाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत मिळते. म्हणजे कोपरखैरण्याहून पुण्याला जाणारा माल एका दिवसात बसतो, कोल्हापूरच्या मालाला दोन दिवस मिळतात. ॲपने स्कॅन झालेल्या मालावरूनच बिलाचा मजकूर भरावा. तोच आकडा कारकुनाने दुसऱ्यांदा टाइप करायचा असेल तर ॲप असून नसल्यासारखे. ५ कोटींवरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइसही १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचे आहे. हिशेबाच्या बाजूला बहुतेक लहान व्यवसायांत टॅली असते, तिच्याशी दोन्ही दिशांनी देवाणघेवाण व्हायला हवी.

पोहोच मिळाल्याचा पुरावा हा आणखी एक हातबदल. जुन्या पद्धतीत बिल्टीवर शिक्का आणि सही घेऊन चालक परत येतो, आणि कागद पोहोचेपर्यंत बिल अडकते. ॲपमध्ये सही, छायाचित्र, वेळ आणि ठिकाण एकत्र येते. फुटलेल्या खोक्याचे छायाचित्र तिथेच घेतले तर नंतरचा वाद निम्मा मिटतो. पण चालकाचे ठिकाण दिवसभर टिपत राहणे आणि पोहोचल्याच्या क्षणी टिपणे यात फरक आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी खेप संपल्यावर माणसाचा माग काढण्याचे कारण उरत नाही. ठिकाणाची नोंद खेप सुरू झाल्यावर चालू आणि संपल्यावर बंद, असे ॲप असेल तर चालक ते मनापासून वापरतात.

कोपरखैरणे परिसरात याहूनही जिव्हाळ्याचा मुद्दा माथाडी कामगारांचा आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्या कायद्यानुसार मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही माथाडी मंडळात भरतो आणि कामगाराला मजुरी मंडळामार्फत मिळते. काम टोळीने होते आणि मजुरी पुष्कळदा वजनावर किंवा नगावर ठरते. म्हणजे किती पोती उतरली हा आकडा गोदामासाठी साठा असतो आणि टोळीसाठी घरखर्च. ॲप निवडताना हा दुसरा वाचक जवळजवळ नेहमी विसरला जातो. टोळीच्या नावाने उतरलेल्या आणि चढवलेल्या नगांची बेरीज पाळी संपताच मुकादमाला त्याच्या फोनवर, मराठीत, मराठी अंकांत दिसली पाहिजे, आणि त्यात चूक असेल तर ती त्याच दिवशी नोंदवता आली पाहिजे. ज्याला आपले काम आकड्यात दिसते तो स्कॅन चुकवत नाही. पर्यवेक्षणाने जे साधत नाही ते इथे पारदर्शक हिशेबाने साधते. एका व्यक्तीच्या वेगाची क्रमवारी लावणारी ॲप मात्र टोळीच्या कामाला घातक आहेत, कारण जड पोते दोघांनी उचलायचे असते.

करारात यंत्राच्या आयुष्याचा विचार हवा. अनेक गोदामांतली जुनी यंत्रे मायक्रोसॉफ्टच्या हातयंत्रांच्या प्रणालीवर चालत होती. तिच्या ६.५ आवृत्तीचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि चालू स्थितीतली यंत्रे टप्प्याटप्प्याने बदलावी लागली. म्हणून यंत्राला अँड्रॉइडची सुरक्षा-सुधारणा किती वर्षे मिळणार, हे लेखी घ्यावे. शुल्क माणसामागे आहे की यंत्रामागे, हेही पाहावे. तीन पाळ्यांत एकच यंत्र फिरत असेल तर माणसामागचे शुल्क तिप्पट होते. सर्व नोंदी साध्या तक्त्याच्या रूपात केव्हाही बाहेर काढता येतील, करार संपल्यावरही ठरावीक काळ काढता येतील, हे कलम किमतीइतकेच महत्त्वाचे आहे.

शेवटची पायरी चाचणीची. ती सभागृहात नको, उतरवण्याच्या धक्क्यावर हवी, आणि एका गाळ्यात पूर्ण महिनाभर, म्हणजे महिनाअखेरची मोजणी तिच्यात येईल. फळांच्या धंद्यात ती हापूसचा हंगाम भरात येण्याआधी संपावी, भर हंगामात नवे साधन कोणीही शिकत नाही. त्या महिन्यात जुनी आवक-जावक वही बंद करू नये. रोज संध्याकाळी वही आणि ॲप यांचे आकडे समोरासमोर ठेवावेत आणि प्रत्येक तफावतीपुढे कारण लिहावे: लेबल वाचले गेले नाही, नोंद हाताने टाकली, नेटवर्क नव्हते, माल मोजायच्या आधीच हलवला. महिन्याच्या शेवटी रॅकमधल्या कोणत्याही १०० जागा निवडून प्रत्यक्ष माल मोजावा. किती जागी ॲपचा आकडा जुळला आणि तफावतींच्या कारणांपैकी कोणती ॲपची, कोणती लेबलाची आणि कोणती कामाच्या पद्धतीची, या दोन गोष्टी हाती आल्यावर खरेदीचा निर्णय घ्यावा.