पडदा ओढणारे यंत्र आणि पेटंटची कसोटी

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी दिलेले भाषण)



शिरूर आणि दौंड हे तालुके ऊस, गुऱ्हाळे आणि कुक्कुटपालन यांसाठी जसे परिचित आहेत, तसेच रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींसाठीही. शेती आणि कारखाना असे शेजारी आले म्हणजे गावच्या वर्कशॉपला नवे काम मिळते. शेतकऱ्याची अडचण ऐकून कारागीर एखादी युक्ती काढतो. ती उपयोगी पडते, तिचे कौतुक होते. मात्र तिच्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न बहुधा फार उशिरा विचारला जातो.

एक साधे उदाहरण घेऊ. कुक्कुटपालनाच्या शेडला बाजूने पडदे असतात. ऊन, वारा व थंडी पाहून ते वरखाली करावे लागतात. समजा, एखाद्या तरुण फिटरने या पडद्यांना मोटर, गिअर आणि दोर गुंडाळण्याचा रूळ जोडला. बटण दाबले की पडदा उठतो आणि ठरलेल्या जागी थांबतो. या यंत्राला एकस्व, म्हणजेच पेटंट, मिळेल काय?

जुना इतिहास

दोराने कापड हलविण्याचा हा विषय भारतीय पेटंटच्या इतिहासात अगदी पहिल्या पानावर आहे. १८५६ साली भारतात पेटंटचा पहिला कायदा झाला. त्याच वर्षी ३ मार्च रोजी जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी कलकत्त्यात जो अर्ज केला, तो छताला टांगलेला कापडी पंखा ओढण्याच्या यंत्राचा होता. भारतातील पेटंटचा हा पहिला अर्ज मानला जातो. तेव्हापासून आजवर दोर, कप्पी, रूळ आणि मोटर यांच्या असंख्य रचना जगभरच्या कागदपत्रांत नोंदल्या गेल्या आहेत. आजच्या परीक्षकापुढे अर्ज येतो तेव्हा हा सारा साठा त्याच्या हाताशी असतो.

परीक्षक काय पाहतो?

सध्याचा कायदा १९७० सालचा असून तो १९७२ पासून अमलात आला. पुढे त्यात महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. त्यानुसार तीन कसोट्या मुख्य आहेत. वस्तू नवी हवी, म्हणजे जगात कोठेही ती आधी प्रसिद्ध झालेली नसावी. तिच्यात शोधाचे पाऊल हवे, म्हणजे त्या विद्येतील जाणकाराला ती सहज सुचण्याजोगी नसावी. आणि ती उद्योगात वापरता आली पाहिजे.

पडद्याचे यंत्र तिसऱ्या कसोटीला सहज उतरेल. पहिल्या दोन मात्र अवघड आहेत. हाताने फिरवायच्या दांड्याऐवजी मोटर लावली, एवढ्याने शोध होत नाही. परिचित भाग एकत्र आणले, पण प्रत्येक भाग आपले जुनेच काम स्वतंत्रपणे करीत राहिला, तर कायद्याच्या कलम ३ नुसार ती जुळणी शोध ठरत नाही. वीज गेली असता पडदा आपोआप आणि सावकाश खाली येऊन पक्ष्यांना हवा मिळावी, अशी व्यवस्था त्या फिटरने केली असेल, तर तिचा विचार वेगळा होईल. पण तसा उपाय पूर्वी कोणी नोंदविला आहे काय, हेही परीक्षक शोधेल.

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली भांडी बनविणाऱ्या दोन पेढ्यांच्या वादात हाच मुद्दा स्पष्ट केला. लेथवर भांडे घट्ट धरून ठेवण्याच्या पद्धतीचे पेटंट न्यायालयाने अवैध ठरविले. सुधारणा सोयीची असली, तरी वर्कशॉपमधील नेहमीच्या कौशल्यापलीकडे तिच्यात शोध दिसला पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

यंत्राच्या केवळ बाह्य रूपाचे संरक्षण हा निराळा विषय आहे. त्यासाठी २००० सालचा डिझाइन कायदा आहे. त्याचे संरक्षण प्रथम १० वर्षांचे असून ते आणखी ५ वर्षे वाढविता येते. यंत्र चालते कसे, हे मात्र त्या कायद्याने राखले जात नाही.

आधी अर्ज, मग प्रदर्शन

शिक्षक आणि पंचायत सदस्य यांची जबाबदारी येथे सुरू होते. गावात कोणी नवे यंत्र केले की शाळेच्या प्रदर्शनात ते मांडले जाते, सत्कार होतो, वर्तमानपत्रात छायाचित्र व माहिती येते. हेतू चांगला असतो. परंतु यंत्राची रचना अशी उघड झाली की तिचे नवेपण संपू शकते. राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासारख्या मोजक्या प्रसंगांनाच कायद्याने १२ महिन्यांची सवलत दिली आहे. गावची जत्रा किंवा शाळेचा मेळावा त्यात आपोआप येत नाही.

म्हणून सत्काराआधी अर्ज करावा. यंत्र पूर्ण झाले नसेल, तर तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करून पूर्ण तपशील १२ महिन्यांत देता येतो. पुणे जिल्ह्यातील अर्जदारासाठी मुंबईचे पेटंट कार्यालय आहे. अर्ज ऑनलाइनही करता येतो. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीचे ४,००० रुपये आहे. ही विनंती वेगळी करावी लागते. ती न केल्यास अर्ज मागे घेतला असे समजले जाते. अर्ज सर्वसाधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. परीक्षकाने आक्षेप घेतले म्हणून खचून जाण्याचे कारण नाही. उत्तर देण्यास ६ महिन्यांची मुदत असते आणि दावा नेमका करून घेता येतो. पेटंट मिळाल्यास अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचा हक्क लाभतो. तिसऱ्या वर्षापासूनचे नूतनीकरण शुल्क मात्र भरत राहावे लागते.

नोंद हेच संरक्षण

या नियमाची दुसरी बाजूही आहे. १९९५ साली जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. आपल्याकडे घरोघरी हळद वापरतात, एवढे सांगून भागणारे नव्हते. छापील पुरावे हवे होते. प्राचीन ग्रंथांतील उल्लेख आणि १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेख सादर झाला आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले.

जी प्रसिद्धी एकट्या कारागिराचा हक्क घालविते, तीच समाजाच्या सामाईक ज्ञानाला राखते. म्हणून दोन गोष्टींचे भान ठेवावे. गावात पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या गुऱ्हाळातील, शेतीतील व औषधातील रीती शाळांनी तारीख घालून लिहून ठेवाव्यात आणि छापून प्रसिद्ध कराव्यात. आणि ज्याने खरोखर नवे काही घडविले आहे, त्याच्या गळ्यात हार घालण्यापूर्वी त्याला एकच प्रश्न विचारावा : अर्ज केला आहे काय?