पेशींची संगत



शाळामास्तराला कर्करोगावर बोलावयास सांगितले, तर तो औषधे सांगणार नाही. पेशींची वागणूक तेवढी सांगेल. मोठ्या आतड्याचा कर्करोग मी मुद्दाम निवडला, कारण त्याच्या वाढीचा हिशेब शास्त्रज्ञांना बराचसा जुळविता आला आहे.

आतड्याच्या अस्तरातील पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. हे धरून ठेवणाऱ्या साखळीत बीटा-कॅटेनिन नावाचे प्रथिन असते. त्याच प्रथिनाकडे दुसरेही काम आहे. 'विंट' नावाचा संदेश बाहेरून आला, की ते पेशीच्या केंद्रकात शिरते आणि तेथून वाढीचा हुकूम सुटतो. संदेश नसेल तेव्हा जादा बीटा-कॅटेनिन नष्ट केले जाते. या कामी एपीसी हे प्रथिन लागते. त्याचे जनुक १९९१ साली हाती लागले. या रोगाच्या दहापैकी सुमारे आठ गाठींत तेच बिघडलेले असते. शाळा सुटली तरी घंटा वाजतच राहावी, तसा प्रकार!

एवढ्याने रोग पसरत नाही. आधी अस्तरावर लहानसा मांसल कोंब, म्हणजे पॉलिप, उगवतो. त्याचा कर्करोग व्हावयास आणखी जनुके बिघडावी लागतात आणि बहुधा दहाएक वर्षे जातात. तेवढ्या अवधीत तो दुर्बिणीने काढून टाकता येतो. परंतु शौचावाटे रक्त गेले की मूळव्याध समजून महिनोन्महिने चूर्ण घेणारी माणसे आपल्या ओळखीची आहेत. पुष्कळांना मूळव्याधच असेलही. पण तपासल्यावाचून ते ठरवावे कोणी?

पुढची हकीकत विलक्षण आहे. गाठीच्या कडेच्या पेशींत बीटा-कॅटेनिन केंद्रकात साठते, शेजारणीचा हात सुटतो, पेशी लांबट होऊन सरकू लागते. आतड्याचे रक्त प्रथम यकृताकडे जाते, म्हणून ती बहुधा तेथेच उतरते. आणि तेथे गाठ वाढू लागली, की पेशी पुन्हा एकमेकींचे हात धरून आतड्यासारखीच रचना उभारतात! जर्मनीतील थॉमस ब्राबलेट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली हे दाखविले. जनुकांचा बिघाड तोच, तरी वागणूक पालटते. भोवतालचे सांगणे ही बिघडलेली पेशीही ऐकत असते.

मग विंटचा संदेशच का तोडू नये, असे कोणी विचारील. अडचण अशी की निरोगी आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांनी नवे होते, आणि तेही याच संदेशावर. रोगाचा आवाज बंद करावा आणि आतड्याचा चालू ठेवावा, हा पेच अजून सुटलेला नाही.